पाय थांबल्यावर

चेन पडते.
नाना पेठेत मुबारक बागवानांच्या दुकानापुढे
मला एवढंच सांगता आलं.
दहाही बोटं काळी, आणि एक गालही,
हे घरी आरशात कळलं.

त्याआधी तीन रविवार मी स्वतःच डॉक्टर.
रास्ता पेठेत कवळ्या बनवते मी, चोवीस वर्षं.
ठसा हातात घेतला की सांगते
माणूस कुठल्या बाजूने चावतो,
सुपारी खातो का, झोपेत दात खातो का.
मग चेन पडल्यावर मी आधी काय बघणार?
पुढच्या चक्राचे पन्नास दाते
भिंग लावून, एकेक.
दोन झिजलेले निघाले. झाला निकाल!
नवं चक्र, साडेतीन हजार.
पुढच्याच रविवारी बोपदेव उतरताना
नव्याकोऱ्या दात्यांवरून
चेन पडली.

भाचा म्हणाला, चेन ताणली असेल.
पट्टी लावली. बारा इंचाला बारा इंच.
मग डिरेलरचा स्क्रू पाव आटा आत,
पाव बाहेर,
पुन्हा आत, आता मूळ कुठे होता तेही आठवेना.
तळमजल्यावरचे खासनीस पेपर खाली न ठेवता म्हणाले,
"आमच्या सायकलची चेन अठरा वर्षांत एकदाच पडली.
तीही आणीबाणीत."

मुबारकभाईंनी सायकलला हात लावला नाही.
एका पोराच्या तीनचाकीला घंटी बसवत होते.
"कधी पडते?"
रविवारी.
"तसं नाही. पाय चालू असताना पडते,
की पाय थांबल्यावर?"

मला सांगता येईना.
लोकांच्या जबड्यांतलं इतकं सांगणारी मी,
माझे पाय त्या वेळी काय करत होते
मला माहीत नव्हतं.
"बघून या," ते म्हणाले, आणि घंटी वाजवून पाहिली.

बघून आले.
कोंढव्यापासून वर, पूर्ण घाट, दम लागेपर्यंत:
नाही पडली.
माथ्यावर उसाचा रस. खाली यायला लागले.
पाय चालू, चालू, चालू, काही नाही.
येवलेवाडीच्या अलीकडे गतिरोधक दिसला,
पाय थांबवले,
आणि खाली बघितलं तर चेनची वरची बाजू
वाळत घातलेल्या ओढणीसारखी लोंबली,
उसळली,
पडली.

त्यांनी मागचं चाक उचललं, हाताने फिरवलं.
पेडल आपोआप फिरायला लागलं,
कुणीही न बसलेलं.
"चेनचा दोष नाही. हे मागचं सोडत नाही.
तुम्ही थांबता, हे थांबत नाही,
चेन ढकलतच राहतं.
उतरताना टिकटिक येते का?"
यायची. श्रावणात बंद झाली.
मला वाटलं, सायकल रुळली.
कुणी सोबत असलं तर मी सांगायचेसुद्धा,
बघा, किती शांत चालते.

"आतल्या कुत्र्यांचा आवाज असतो तो," मुबारकभाई म्हणाले,
आणि फ्रीव्हील उघडून दाखवलं.
ग्रीसचा डिंक झालेला, बेअरिंगमध्ये माती.
"पाण्याच्या प्रेशरने धुतली कुणी?"
मीच.
कात्रजच्या वॉशिंग सेंटरवर, दोन रिक्षांच्या मध्ये,
तीस रुपये देऊन, वर आणखी म्हटलं होतं,
जरा इथेही मारा, इथे, चक्रात.

रॉकेलच्या वाटीत सगळं सुटं पडलं.
मोटारीच्या स्प्रिंगएवढ्या, छे, पापणीच्या केसाएवढ्या
तारा त्यांनी चिमट्याने बसवल्या.
असाच चिमटा माझ्याकडे आहे.
दोनशे रुपये. जुनं चक्र टाकू नका म्हणाले,
चांगलं आहे, पाच वर्षं जाईल.

या रविवारी येवलेवाडीच्या अलीकडे
पाय थांबवले.
मागून टिकटिक सुरू झाली, चाकाच्या पोटातून,
आणि गॅरेजच्या दारातून दोन खरे कुत्रे उठले,
ऐकलं बहुतेक त्यांनी,
आणि पार पेट्रोल पंपापर्यंत
भुंकत आले.
मी पेडल मारलं नाही.