रकाना क्रमांक सात

शिष्यवृत्तीच्या अर्जातले सहा रकाने सरळ होते.
नाव : लुसुंगु म्फांदे. गाव : न्काता बे.
वडिलांचा व्यवसाय : मासेमारी.
होडी भाड्याची आहे, हे लिहायला जागा नव्हती.

सातवा विचारतो :
पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता?

वीज गेलीय. म्झुझूच्या वसतिगृहात
एका मेणबत्तीभोवती आम्ही तिघी.
तियामिके ‘बँकेत’ असं लिहून मोकळी झाली
आणि आता नखं रंगवतेय, अंदाजाने.
एलुबी झोपली, पेन हातात तसंच.

मला खडक आठवतात.

आमच्या धक्क्याच्या डावीकडे, पाण्याखाली दोन,
मध्ये पन्नास पावलांची वाळू.
या खडकावरचा मासा निळा, अंगावर काळे पट्टे.
त्या खडकावरचाही तोच,
पण पोटाशी पिवळा, जणू कुणी हळदीचं बोट पुसलं.
वाळू ओलांडत नाहीत.
उघड्यावर मोठा मासा गिळतो, एवढंच.

सात वर्षांची असताना बाबांना विचारलं, हे वेगळे का?
जाळं झटकत ते म्हणाले,
‘शेजाऱ्याकडे न जाणाऱ्यांचं असंच होतं.’
पुढे विद्यापीठात तीन वर्षं मी हेच शिकले,
फक्त जास्त पानांत.

यांच्या घशात दुसरा जबडा असतो.
पुढचा पकडतो, आतला चावतो.
म्हणून पुढच्याला मोकळीक मिळाली, असं मसिस्का सर सांगतात :
कुणी शेवाळ खरवडू लागलं,
कुणी दुसऱ्याचे खवले ओरबाडू लागलं,
एक तर मेल्याचं सोंग घेऊन तळाशी पडतो
आणि बघायला आलेल्यांना खातो.
वर्ग हसला. मी वहीत लिहिलं :
पहिल्यांदा पडला तो खरंच दमला होता का?
परीक्षेत हा प्रश्न येत नाही.

घरी फोनवर मी पुढच्या जबड्याने बोलते :
‘हो आई, नर्सिंगचाही फॉर्म भरलाय.’
आतला दळत राहतो.

मत्स्यखात्यात गेले तर पगार, खाकी, मोटरसायकल,
आणि पहिला दंड अतुपेले काकाला,
त्याचं जाळं मच्छरदाणीचं आहे.
परदेशी गेले तर प्रयोगशाळा, थंडी,
आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात काचेमागे आमचेच मासे.
तिथे वाळू नाही. सगळे खडक एका पेटीत.
त्यांची पिल्लं म्हणे राखाडी निघतात,
कुठल्याच खडकाची नसलेली.
दुकानदाराला ती खपवता येत नाहीत.
मला मात्र तीच बघायची आहेत.

चांबोची मादी अंडी तोंडात धरते,
आठवडेच्या आठवडे काही खात नाही.
बाजारात आई मासे साफ करायची तेव्हा
कधी एखादीच्या तोंडातून पिल्लं सांडत,
मोहरीएवढे डोळे, अजून हलणारी.
आईची सुरी थांबायची.
फार नाही. गिऱ्हाईक उभं असायचं.

सरोवर एकदा शेकडो हात आटलं होतं.
हे खडक तेव्हा टेकड्या होते, उन्हात,
त्यांच्यावर बहुतेक माकडं बसत असतील.
मग पाणी परत आलं, आणि कुठूनतरी मासे.
त्यांना कुणी सातवा रकाना दिला नव्हता.
पण त्यांना शुक्रवारची मुदतही नव्हती.

मेणबत्ती बोटभर उरलीय.
मी लिहिते : संशोधक, मत्स्यविज्ञान.
खोडते.
लिहिते : दोन खडकांच्या मधल्या वाळूत.

तियामिके वाकून वाचते.
‘पोहता येतं ना तुला नीट?’
आणि रंग वाळला का ते बघायला
करंगळी ज्योतीजवळ नेते.