सोलणी

ओरोसच्या सरकारी दवाखान्यात, आतल्या खोलीत,
फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीची रेघ होती.
मॅडम म्हणाल्या, टाचेला बोटं लावत चाल बघू.
लौकिक चौथ्या पावलाला डावीकडे कलंडला,
सहाव्याला उजवीकडे,
सातव्याला खिडकीबाहेरची खार बघत थांबला
आणि विचारलं,
हिचा तोल शेपटीत असतो का?

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग मणी ओवणं. मग एका पायावर उभं राहणं.
मग छोटी पिशवी झेलणं. दहातल्या दोन,
त्यातली एक शर्टात अडकली म्हणून.
मी बाकावर बसून मोजत होते,
फॅक्टरीत मापाड्याने आकडा बोलण्याआधी
काट्याकडे बघतो आम्ही, तसं बघत.

दोन नावं लिहून दिली.
एक लक्षाचं, एक हातापायांचं.
पुष्कळदा जोडीनं येतात, म्हणाल्या.
आळस नव्हे. वांडपणाही नव्हे.
मी कागदाच्या चार घड्या केल्या
आणि एसटीच्या सुट्ट्या पैशांत ठेवल्या.

शाळेत त्याला तिसरंच नाव आहे: सांडपाणी.
डबा उघडतो तेव्हा आमटी आधी बाहेर येते, तो नंतर.
चिंदरकर बाईंनी वहीत तांबड्या शाईने लिहिलंय,
अक्षर सुधारावे.
वही मी बघते ना.
'क' ओळीवर उभा असतो,
'म' खाली घसरतो, ओल्या जांभ्यावरून पाय सुटावा तसा,
'ळ'चं काय होतं ते देवालाच ठाऊक.
आणि शिरोरेघ तर
अक्षरं संपली तरी थांबत नाही,
समास ओलांडून कधी बाकावर जाते.
त्या एका 'कमळ'साठी
त्याने जीभ दातांत धरली होती,
बनियन पाठीला चिकटलं होतं,
हे बाईंना सांगायचं राहूनच गेलं.

माझे हात मात्र उभ्या उभादांड्यात हुशार.
नऊ वर्षं काजू सोलते.
साल सुरीच्या टोकाने अशी काढायची
की गराला कळता नये.
अख्ख्याचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा,
तुकडा पडला की मुकादमाची भुवई वर.
नव्या पोरींना तो माझी बोटं दाखवतो.
त्याच बोटांनी रोज सकाळी
मी दहा वर्षांच्या झिलाच्या बुटांच्या नाड्या बांधते
आणि गडग्यापलीकडून शालन म्हणते,
"गो, लाडावून ठेवलंस त्याका."

परवा रात्री तो माझ्या शेजारी बसला.
माका दी, मीय सोलतंय.
अकरा काजू, अकरांचे तुकडे.
बारावा हातातून उडून चुलीमागे गेला.
तो गप्प झाला. तो गप्प होतो तेव्हा मला भीती वाटते.
तुकड्यालाही चव तीच असते रे,
हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.
गिळलं मी ते.
माझा झिल काजू नाही.
मी एवढंच म्हटलं, उद्या नाडी शिकूया.
फक्त पहिली गाठ. कान नंतर.

तो झोपल्यावर खळ्यात
कोळशाने रेघ ओढली
आणि पदर खोचून चालले मी, टाचेला बोटं लावत.
शालनचा कुत्रा बघत होता.
पाचव्या पावलाला खांब धरला.
त्याच्याहून एकच पाऊल पुढे,
आणि मी चौतीस वर्षांची.

सकाळी पहिली गाठ त्याची त्याने मारली.
वीस मिनिटं. पोळी करपली, घंटा होऊन गेली.
उजव्या बुटाची गाठ फाटकापर्यंत टिकली.
मी हाक मारणार होते. मारली नाही.
सुटलेली नाडी
तांबड्या मातीत रेघ ओढत गेली त्याच्यामागून,
वाकडी,
मध्येच कशाकडे तरी वळलेली,
पुन्हा रस्त्याला लागलेली.