सोळावं नाणं

कावांगवारेत, पाण्याच्या टाकीच्या उताराला माझं दुकान.
दुकान म्हणजे पत्रा, जाळी,
आणि जाळीतून हात जाईल एवढं भोक.
मी सगळं सुटं विकतो.
चहा चिमटीने. बाळाचा एक डायपर.
साबणाच्या वडीची पाव फोड.
मक्याचं पीठ डब्याने; डब्याच्या बुडाला पोचा आहे,
तो मी पाडलेला नाही,
वडील गेले तेव्हा दुकानाबरोबर आला.

तेल वीस शिलिंगांचं.
बंद बाटली तीनशेला,
तीच माझ्या मापाने सोळा वेळा भरते.
पंधरा नाणी बाटलीची, सोळावं माझं.
कुणी म्हणेल मापात पाप.
मी भाडं म्हणतो, जाळीचं,
रात्री दहापर्यंत जळणाऱ्या दिव्याचं.
तीनशे एकदम कुणाकडेच नसतात
एवढ्या एका गोष्टीवर माझी दोन पोरं शाळेत जातात.

घरी नेतो ते तेलही मी मोजून नेतो.
वहीत लिहून.

केरुबो बंगल्यांतले कपडे धुते.
तिची बोटं पाण्याने पांढरी, सुरकुतलेली.
एकदा जाळीशी उभी राहून तिने पेरांवर हिशेब केला.
एका हाताची पेरं संपली,
मग दुसऱ्या हाताचं एकच,
आणि तिथे तिचा अंगठा थांबला.
बोलली काहीच नाही.
मी उगाच तराजूवरची धूळ पुसली.

शनिवारी आली ती लेसोच्या गाठीत पंधरा नाणी घेऊन.
"बाटली दे. बंद."
एकेक नाणं मी उलटून पाहिलं. सगळी खरी.
काही तर कालच मी सुटे म्हणून दिलेली.

संध्याकाळी मागच्या गल्लीत बायकांचं कोंडाळं.
मध्ये बाटली, आणि मापाला
खोकल्याच्या औषधाचं झाकण.
केरुबो ओतत होती, डोळा झाकणाच्या रेघेवर,
तापल्या पोराला पाजावं तशी.
कुणाचा कप, कुणाची जॅमची बरणी.
जिच्या वाट्याचं सांडलं तिने बोट चाटलं.
माझ्या मापापेक्षा किती जास्त मिळालं प्रत्येकीला?
मी मांडून पाहिलं: चमचाभरही नाही.
त्यासाठी पाऊण तास उभ्या.
शेवटी रिकाम्या बाटलीला आतून चिकटलेलं उरलं,
त्यावरून जरा तोंडं वाजली.
मग जिचा नवरा इमारतीवरून पडून घरी बसलाय
तिच्या ताटलीत ती रात्रभर उपडी ठेवायची ठरली.

पत्र्याच्या फटीतून मी पाय मोजत होतो.
चौदा जोड्या चपला गिऱ्हाइकांच्या.
पंधरावी निळी, डाव्या पट्ट्याला तार.
ती तार मीच पिळून दिली होती.

रात्री सुकुमाची भाजी मऊ होती,
उगालीचा घास न अडकता उतरला.
स्योकाऊ म्हणाली, "आणखी वाढू?"
"वाढ," म्हटलं.
वही उशाशी होती.
शनिवारचं पान
अजून कोरंच आहे.