रकाना

इंदोऱ्यात आमच्या गल्लीचे नियम साधे होते.
एक टप्पा, एक हात, आऊट.
मेश्रामांच्या गच्चीवर गेला तर आऊट, वर बॉलही तूच आणायचा.
नालीत पडला तर दोन रन,
धुवायचा मात्र ज्यानं टाकला त्यानं.
ट्रायल बॉलवर कोणी मरत नसे.
ज्याची बॅट, त्याला एलबीडब्ल्यू लागू नव्हता.
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं,
म्हणून भांडणं कधी मिटली नाहीत
आणि नियम कोणाला समजावावाही लागला नाही.

पुढं अजनीच्या रेल्वे मैदानावर
एकतीस वर्षं मी स्कोअरर.
पगार वर्कशॉपचा, जीव वहीत.
टिंब म्हणजे काही झालं नाही.
काही झालं नाही, हेही लिहून ठेवावं लागतं.

आता आम्रपाली बेसबॉल खेळते.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री, विद्यापीठाचं मैदान,
कडुनिंबाखाली दुपट्टा तोंडावरून सोडत ती म्हणते,
"बाबा, सोपं आहे. तीन स्ट्राईक, आऊट."
"अन् बॉल?"
"चार बॉल पडले की चालत पहिल्या बेसवर."
"म्हणजे बॉल म्हणजे वाईट बॉल?"
"हो."
"अन् स्ट्राईक म्हणजे लागला?"
"नाही हो, स्ट्राईक म्हणजे चुकला."
मी पाणी पितो.
"मागं मारला तर फाऊल."
माझे सगळे लेट कट, थर्ड मॅनचे चौकार
उभ्या उन्हात वाया.
"फाऊल म्हणजे स्ट्राईक, पण तिसरी नाही."
"काहून?"
"नियम आहे."
"अन् बेस चोरला तर?"
"चोरीची नोंद होते, तिच्या नावावर."
एवढं प्रामाणिक रजिस्टर
मी वर्कशॉपात कधी पाह्यलं नाही.

तीही कमी नाही. विचारते,
पाच दिवस खेळून कोणीच जिंकत नाही, असं कसं?
सिली पॉइंटला शहाणा माणूस उभा का राहतो?
आणि तुमच्यात म्हणे
कोणी ओरडून विचारलं नाही
तर आऊट झालेला माणूस आऊट नसतो?
खरं आहे, म्हटलं.
अंपायरला दिसलं तरी तो गप्प.
विचारावं लागतं.

ती बराच वेळ ग्लोव्हची नाडी आवळत बसली.
वनरक्षक भरतीची यादी मार्चमध्ये लागली होती,
तिसऱ्यांदा.
मी विचारलं नव्हतं.

रविवारी अमरावतीशी मॅच.
तिची आई पोह्यांचा डबा, थर्मासात तर्री घेऊन आली,
बसल्या बसल्या म्हणाली, "कोण जिंकून राह्यलं जी?"
म्हटलं, "तिथं उभ्या आहेत त्यांना माहीत असंल."

दोघी बाद. आम्रपाली बॅट घेऊन.
पहिली चुकली. दुसरी मागं जाळीत.
मग फाऊल, फाऊल, अजून एक फाऊल,
जणू कोणी मोजतच नव्हतं.
मग ती अंग झोकून फिरली
आणि बॉल तिथं नव्हताच.

मी आऊट लिहिलं. खाली रेघ मारली.
मान वर करतो तर पोरगी पळून राह्यली.
बॅट धुळीत टाकून. आमच्यात बॅट अशी टाकत नाहीत,
सोबत घेऊन पळतात, क्रीजला टेकवायला.
कॅचरच्या हातून बॉल निसटला होता,
ती त्याला जाळीपाशी शोधत होती.
"आऊट आहे!" मी ओरडलो.
अख्ख्या मैदानात अपील करणारा मी एकटा,
तेही माझ्याच पोरीविरुद्ध.

अंपायरनं दोन्ही हात आडवे पसरले.
आमच्यात याला वाईड म्हणतात.

ती पहिल्या बेसवर उभी,
गुडघ्यावरची माती झटकत, माझ्याकडे न बघता.
रेघेखाली जागा नव्हती.
असला रकाना माझ्या कुठल्याच वहीत नाही.
शेवटी समासात, तर्रीच्या डागाशेजारी लिहिलं :
आऊट. पळून राह्यली.