केसालाही

टोपी उडाली तेव्हा पहिल्यांदा कळलं.
रस्ता ओलांडत होते, पाठीवर सायरी,
हातात दुधाचा डबा
आणि एल आल्तोचा तो चावरा वारा.
पंधराव्या वर्षापासून घालते आहे,
कधी हललीसुद्धा नव्हती माझी काळी गोल टोपी.
कुणाला ठाऊक होतं
तिला केसच धरून ठेवतात म्हणून.

मिनीबसखालून घरंगळत गेली.
दारात लोंबकळणाऱ्या पोराने पकडली, झटकली,
म्हणाला, "काकू, आत वर्तमानपत्र घाला."
घातलं. गेल्या रविवारचं, चार घड्या.
दिवसभर कानाजवळ
बातम्या कुरकुरत राहिल्या.

चौथा महिना.
फणीत, उशीवर, सुकवलेल्या बटाट्यांच्या परातीत,
सायरीच्या घट्ट मुठीत.
विल्मेरच्या सुपात एक लांबच लांब.
त्याने न बोलता काढून ताटाच्या कडेला ठेवला,
माशाचा काटा ठेवावा तसा.
बोलला असता तर बरं झालं असतं.

सासू, हिलारिया, एकही फेकू देत नाही.
बोटाभोवती गुंडाळते, भिंतीच्या फटीत खोचते.
म्हणते, मेल्यावर आत्म्याला मागे यावं लागतं
आपले केस वेचायला,
एका जागी असले की पायपीट वाचते.
एक फट भरली. दुसरी भरत आली.
मी म्हटलं, आई, या हिशेबाने
माझ्या आत्म्याला ट्रक लागेल.
ती हसली नाही.
मग भांडी घासताना, बऱ्याच वेळाने, एकटीच हसली.

दवाखान्यातली नर्स, मान वर न करता:
"पोटुशी असताना गळायचे राहिले, ते आता गळतात.
येतील वर्षभरात."
शिक्का. पुढची.
म्हणजे मनगटाएवढ्या त्या दोन वेण्या,
बाजारात बायका वळून बघायच्या त्या,
उसन्याच होत्या तर.

परवा रात्री सायरी रडायला लागला.
भूक नाही, ताप नाही, पोट मऊ.
हिलारियाने बडीशेपेचं पाणी पाजलं,
विल्मेरने खांद्यावर टाकून येरझारा घातल्या,
मी थोपटलं, मी ओरडले, मी रडले.
पहाटे तीनला मोजे काढले.
अंगठा जांभळा, टपोऱ्या शेंगदाण्यासारखा,
आणि मुळाशी तीन वेढे घालून
माझा केस.

जन्मला त्या रात्री त्याच्या कानात म्हटलं होतं,
तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही.
माझ्या केसाचं काही बोलले नव्हते.

विल्मेरने मोबाइलचा उजेड धरला.
हिलारियाने सुईच्या टोकाने वेढा उचलला,
कात्री मी चालवली.
हात थरथरला नाही.
थरथर दुसऱ्या दिवशी सुटली, कांदा चिरताना.
बोटात गुलाबी रंग परत आला, सावकाश,
इलिमानीच्या बर्फावर सकाळी येतो तसा,
आणि हा लगेच झोपला, निर्लज्ज.

तो एक केस हिलारियाने भिंतीत खोचला नाही.
चुलीत टाकला.
"याच्यासाठी परत येऊ नकोस," म्हणाली.

सकाळी मला दारात उन्हाला बसवलं.
पेटीतून तिचे लग्नातले तुल्मा काढले,
काळ्या लोकरीचे, टोकाला गोंडे.
उरल्यासुरल्या केसांत लोकर मिसळत
घट्ट वेण्या घालत गेली, टाळू ओढली जाईपर्यंत.
मी विचारलं, यात माझे किती, मेंढीचे किती?
उत्तरादाखल तिने आपली वेणी सोडली.
आत उंदराची शेपटी.
"विल्मेरच्या वेळचे गेले ते आलेच नाहीत.
पस्तीस वर्षं मेंढीच विंचरते आहे."
मघापर्यंत मला हे ठाऊक नव्हतं.
विल्मेरला अजूनही नाही.

आता रोज रात्री मोजे उलटे करून झटकते,
दहाही बोटं फाकवून बघते.
त्याला वाटतं खेळ आहे, खिदळतो.
माझ्या कपाळावर आखूड, नवे, उभे राहिलेत काही,
वेणीत बसत नाहीत, टोपीत मावत नाहीत.
वर्तमानपत्र अजून आतच आहे.
घामाने त्यावरची तारीख पुसली गेली.