पहिली एकशेवीस सेकंदं

डाव्या हाताची दोन बोटं इकडे द्या.
पहिलं आणि मधलं.
जेल गार लागेल थोडं.
हे मी या हिवाळ्यात बावीस वेळा म्हटलंय,
तार्तूच्या या तळघरात, जिथे खिडकी नाही
आणि दिवस मावळला हे संगणक सांगतो.

तेविसावा : झिनोवी, वय एकाहत्तर,
पेइप्सी सरोवराच्या काठचा, काल्लास्ते गावचा.
वीस युरोचं भेटकार्ड आहे म्हणून आलो, म्हणाला,
बसभाडं जाऊन बारा उरतात.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आमचं काम ती उघडायला लावायचं.
उघडली त्याने.
जाळ्याच्या दोऱ्यांनी पाडलेले चर
हस्तरेषांना आडवे गेलेले.
सेन्सर चिकटेना. पुन्हा पुसलं, पुन्हा जेल,
अंगठ्याने दाबून धरलं
वीसेक सेकंद असेल.

मग हेडसेट. मग आमचं सरोवर :
पंख्यातून गार वारा,
पायाखाली थंड केलेली फरशी,
नळीतून धुरावलेल्या माशाचा वास, मोजून तीन सेकंद,
आणि चौथ्या मिनिटाला बर्फ तडकतो,
फरशी थरथरते.
इथे सगळ्यांचाच आलेख उसळतो.
विद्यार्थी किंचाळतात.
एका प्राध्यापकांनी माझी बाही धरली होती.
अंगावरचा काटा आम्ही मायक्रोसीमेन्समध्ये मोजतो.

झिनोवीची रेघ सपाट,
हिवाळ्यातल्या पेइप्सीच्या क्षितिजासारखी.
"तुमचा बर्फ फार बडबडतो," हेडसेटखालून आवाज आला.
"खरा बर्फ तडकायच्या आधी गप्प होतो.
पळायचं तेव्हा. नंतर कशाला?"

आणि वास?
"मासा आहे. लाकूड आल्डरचं नाही."

किती खरं वाटलं, एक ते सात?
त्याने तीन लिहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
खोडून चार केलं.

संध्याकाळी फाईल उघडली.
एकच शिखर, अगदी सुरुवातीला.
सरोवर अजून सुरू झालं नव्हतं,
हेडसेट टेबलावर, पंखा बंद, नळी कोरडी.
कॅमेऱ्याशी वेळ ताडून पाहिली :
माझा अंगठा, त्याचं बोट.

युल्ले म्हणाली, दाबामुळे येतो असा दोष,
सेन्सर हलला की रेघ उडते.
खरंही असेल.
पण छातीवरचा पट्टा, जो त्याने स्वतःच बांधला होता,
ज्याला मी हातही लावला नव्हता,
त्यातले ठोके
त्याच वीस सेकंदांत घाईला आलेले.

नियम असा : पहिली एकशेवीस सेकंदं कापायची.
माणूस स्थिरस्थावर होईपर्यंतचं काही धरायचं नाही.
नियम माझाच, पान नऊवर.
कापली.

आमच्या अर्जावर उंचीचा रकाना आहे,
चष्म्याच्या नंबरचा, बस लागते का याचा.
घरी कोण असतं, याचा नाही.

चोविसावी, सकाळी साडेनऊ :
व्हाइके, नर्स, रात्रपाळीवरून थेट आलेली,
डोळे चोळत.
जेलची ट्यूब मी आठ वाजल्यापासून
स्वेटरच्या आत, काखेत धरून बसले होते.
दोन बोटं इकडे द्या, म्हटलं,
पहिलं आणि मधलं,
जेल
आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना.