हाळी

आईच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती.
तिची आई भाल्यानं मेली होती,
कुणाच्या तरी रताळ्यांत तोंड घातलं म्हणून,
आणि मी नुकतीच झाले होते.
दूध होतं. आईनं हिशेब केला नाही.

न्यू गिनीच्या डोंगरात याचं कुणाला नवल नाही.
नवल गोरोक्याला आल्यावर कळलं.
कॉफीच्या गोदामात पोती मोजता मोजता
बरोबरच्या मुलीला सहज बोलून गेले
आणि तिनं आपला डबा बाजूला सरकवला.

चालायला ती माझ्याआधी लागली.
आई रताळं चावून मऊ करायची,
अर्धं मला, अर्धं तिला,
आणि मोठं अर्धं कुणाचं ते विचारायचं नाही.
तिला नाव नव्हतं. हाळी होती.
धुकं उतरलं की आई कुंपणाशी जाऊन ती घालायची,
आणि उतारावरच्या चाळीस डुकरांतून
एकाचेच कान वळायचे.

मिशनच्या पाद्र्यानं एकदा गोष्ट सांगितली:
भुतं माणसातून निघून डुकरांत शिरली
आणि अख्खा कळप कड्यावरून पाण्यात गेला.
माणूस बरा झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.
आई मागच्या ओळीतून उठली.
"डुकरं कुणाची होती?"
पाद्र्याला माहीत नव्हतं.
"आणि भरपाई?"
तेही नव्हतं.
"मग गोष्ट संपलेली नाही," म्हणाली,
आणि खाली बसून जाळीची पिशवी विणू लागली.

मी सहा वर्षांची असताना
नोम्बेकाकाच्या कुऱ्हाडीनं नदीपलीकडचा माणूस मेला.
चराच्या भांडणात.
पुढचं रक्त नको म्हणून सतरा डुकरं ठरली.
मैदानात सतरा खुंट, सतरा दोर.
काका अंगाला चरबी चोळून, डोक्यात पिसं खोवून
एकेका खुंटाशी थांबे, म्हणे:
हे मी दिलं. हे मी दिलं.
नवव्या खुंटाला ती होती. गाभण.
हे मी दिलं.

घरी आल्यावर आईनं गालांना पिवळा चिखल फासला,
माणूस गेल्यावर फासतात तसा.
बापानं पाहिलं आणि काही बोलला नाही.
एवढं शहाणपण त्यानं जन्मात एकदाच केलं.

अकराव्या दिवशी नदीपलीकडून एक बाई आली.
एकटी. वाघी नदीवरचा वेलींचा पूल ओलांडून
आमच्या हद्दीत, रिकामे तळवे पुढे धरून.
चिखल तिच्याही गालांवर होता, जुना, भेगाळलेला,
आणि गळ्यात विधवेचे राखाडी मणी, थरांवर थर.
पुरुष उठले.
कुऱ्हाडी कुठं ठेवल्यात ते सगळ्यांना एकदम आठवलं.

तिची बोली आम्हाला निम्मीच कळे.
"केलम," ती म्हणाली, छातीला हात लावून.
मग: "ती खात नाही."
मग, बराच वेळ थांबून:
"तुम्ही तिला काय म्हणता?"

आई तिला कुंपणाशी घेऊन गेली.

तो शब्द नव्हे. मी शाळा शिकले,
तरी ती हाळी मला कागदावर उतरवता येत नाही.
जिभेखाली सुरू होते, नाकाशी वळते,
आणि शेवट बाहेर सोडायचा नसतो, आत ओढायचा,
हुंदका आवरताना ओढतात तसा.
केलमला आधी जमेना.
मग आमचीच दोन डुकरं फसून बघायला आली
आणि दोघी हसल्या,
हसायचं दोघींच्याही मनात नसताना.
आई तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून सांगत होती,
इथून. नाही, इथून.
मण्यांखाली बोटं नीट पोचत नव्हती.

उन्हं कलायच्या आत ती पुलापार गेली.

रात्री चुलीशी बसलो होतो.
धुक्यातून, नदीवरून, लांबून हाळी आली.
शेवट जरासा चुकलेला.
मी हातातलं रताळं तसंच धरून उठले
आणि दाराकडे निघाले.

"बस खाली," आई म्हणाली.
"तुला नाही."